बोलकं अपयश आणि मुकं अपयश

(कुडपण, ता. पोलादपूर येथील युवा शिबिरात २५ जानेवारी २०२५ च्या रात्री केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



जेवणं झालीत, थंडी वाजतेय, आणि जेवणानंतरच्या भाषणाचं काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच संयोजकांना म्हटलं, हॉल नको, बाहेर अंगणात बसू. आता जरा पूर्वेकडे वर बघा. दोन तारे जवळजवळ आहेत, ते पुनर्वसूचे. त्यांच्या शेजारी तांबूस रंगाचा, न लुकलुकणारा ठिपका दिसतो, तो मंगळ. रजब संपत आलाय, परवा शब-ए-मेराज आहे, त्यामुळे चंद्र पहाटेपर्यंत उगवायचा नाही. आकाश स्वच्छ आहे. याच महिन्यात, १२ जानेवारीला, मंगळ पृथ्वीच्या सर्वांत जवळ येऊन गेला. आत्ता तो सुमारे दहा कोटी किलोमीटरवर आहे. तिथून निघालेला उजेड आपल्या डोळ्यापर्यंत यायला साडेपाच मिनिटं लागतात.

आणि खाली बघायचं तर, तुम्ही ज्या काळ्या कातळावर बसलात तो बेसाल्ट आहे. मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसाल्टचाच. आपल्या बुलढाण्याचं लोणार बेसाल्टमध्ये उल्का आदळून तयार झालं, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोक लोणारला येतात. मंगळावरच्या एका विवराला लोणार हे नावही दिलेलं आहे. तेव्हा मंगळ आपल्याला वाटतो तितका परका नाही.

मी मंगळाचा तज्ज्ञ नाही. सॉफ्टवेअर लिहितो, त्यावर घर चालतं. पण या धंद्यात एक खोड लागते. एखादी गोष्ट चालली की बरं वाटतं, पण बंद पडली की ती का बंद पडली यातच मन जास्त रमतं. त्या दृष्टीने मंगळ फार श्रीमंत ग्रह आहे. १९६० पासून माणसाने तिकडे पाठवलेल्या यानांपैकी ढोबळमानाने निम्मी फसली. काही उडतानाच पडली, काही वाटेत गप्प झाली, काही तिथे जाऊन आदळली. तरीही आज या क्षणी तिथे दोन गाड्या उभ्या आहेत आणि काम करतायत. एक लहान हेलिकॉप्टर तिथे बहात्तर वेळा उडालं. निम्म्या वेळा हरूनही हे कसं जमलं?

माझं उत्तर सांगतो. अपयश दोन प्रकारचं असतं, बोलकं आणि मुकं. जे अपयश आपलं काय चुकलं ते सांगून जातं, त्यातून पुढचं यान तयार होतं. जे काही न सांगता जातं, त्यातून फक्त जमिनीत एक खड्डा तयार होतो. आणि मला वाटतं, आपल्या घरांत, आपल्या मोहल्ल्यांत, अगदी आपल्या चळवळीतही मुकी अपयशं फार साठली आहेत.

सुरुवात १९६४ पासून करू. त्या काळात नासा याने जोडीने पाठवायची, कारण दोघांपैकी एक पडेल हे धरूनच चालायचे. ५ नोव्हेंबरला मरिनर ३ उडालं. हवेतून वर जाताना यान जपायला वरून एक टोपण असतं, ते सुटलंच नाही. यान आतच अडकलं, सौर पंख उघडले नाहीत, बॅटरी संपली. आता मंगळाला जायची खिडकी साधारण सव्वीस महिन्यांतून एकदा उघडते, आणि ती थोड्याच दिवसांत मिटणार होती. टोपणाचं काय बिघडलं ते शोधलं, धातूचं नवं टोपण बनवलं आणि २८ नोव्हेंबरला, म्हणजे तेवीस दिवसांत, मरिनर ४ सोडलं. पुढच्या जुलैत त्याने मंगळाची जवळून घेतलेली पहिली छायाचित्रं पाठवली. एकेक छायाचित्र पोचायला आठ तासांहून जास्त लागायचे. तेवढा दम कोणाला नव्हता. प्रयोगशाळेतल्या लोकांनी आकड्यांच्या कागदी पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवल्या आणि रंगीत खडूंनी रंगवून पहिलं चित्र हातानेच तयार केलं.

ज्यांना केटी लागलीय त्यांनी ऐकून ठेवा. मंगळाची पुढची परीक्षा सव्वीस महिन्यांनी येते. तुमची सहा महिन्यांनी येते.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातल्या माणसाला झोपेतही आठवते. २३ सप्टेंबर १९९९. मार्स क्लायमेट ऑर्बिटर नावाचं नासाचं यान मंगळाच्या कक्षेत शिरणार होतं. ते मंगळाच्या मागे गेलं. तेवढा वेळ संपर्क तुटणारच होता. दुपारी पोलादपूरहून वर चढताना माझी रेंज वळणावळणाला जात होती आणि अम्मीचा फोन मध्येच तुटला, तसंच. फरक इतका की मी वर पोचून फोन लावला. ते यान पलीकडून बाहेर आलंच नाही.

दोन महिन्यांच्या आत चौकशी समितीचा अहवाल जगासमोर होता. यानाची लहान इंजिनं अधूनमधून चालायची. त्यांचा धक्का किती बसला याचे आकडे यान बनवणाऱ्या लॉकहीड मार्टिन कंपनीचा प्रोग्रॅम पौंडाच्या मापात देत होता, आणि दिशा ठरवणारे लोक ते न्यूटनच्या मापात आहेत असं समजून चालले होते. एक पौंड बल म्हणजे जवळपास साडेचार न्यूटन. प्रत्येक वेळची चूक अगदी लहान, पण नऊ महिने ती साठत गेली. यान मंगळापासून सव्वादोनशे किलोमीटरवरून जायला हवं होतं, ते सत्तावन्न किलोमीटरवरून गेलं. ऐंशीच्या खाली ते तगणंच शक्य नव्हतं.

ही गोष्ट आपल्याला कॉलेजात विनोदासारखी सांगतात. बघा, एवढे मोठे शास्त्रज्ञ, आणि माप चुकले! पण अहवालाचा जो भाग सांगितला जात नाही तोच मला महत्त्वाचा वाटतो. यान जिथे असायला हवं तिथे नाही, अशी शंका दिशा ठरवणाऱ्यांना आधीच आली होती. त्यांनी ती बोलूनही दाखवली, पण कुठे ईमेलमध्ये, कुठे गप्पांमध्ये. शंका रीतसर नोंदवायचा जो फॉर्म होता, तो भरला गेला नाही. त्यामुळे तिचं उत्तर देणं ही कोणा एकाची जबाबदारी झालीच नाही. शेवटी मार्ग सुधारायची एक संधी होती, तिची चर्चा झाली, पण ती वापरली नाही. म्हणून नासाचे अधिकारीही तेव्हा म्हणाले की माणसाकडून चूक होतेच, खरं अपयश ती चूक वेळेत न पकडणाऱ्या आमच्या पद्धतीचं आहे.

मला हे इतकं का लागतं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत पैशांच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर लिहीत होतो. कंपनीचं नाव राहू द्या, चूक माझी होती. एका बाजूचा प्रोग्रॅम रक्कम पैशांत पाठवायचा, मी ती रुपयांत आहे असं धरलं. रात्री नवा प्रोग्रॅम चालू केला आणि ज्यांना दोनशे रुपये परत द्यायचे होते त्यांच्या खात्यांवर वीस हजार जायला लागले. चाळीस मिनिटांनी लक्षात आलं. माझ्यासाठी तो मार्स क्लायमेट ऑर्बिटरच होता. पण खरी लाज पुढे आहे. आमच्यातल्या एका नव्या मुलीने दोन दिवस आधी मला चॅटवर विचारलं होतं, 'सर, हे आकडे रुपयांत आहेत ना?' मी 'बघतो' असं लिहिलं आणि विसरलो. तिने पुन्हा विचारलं नाही. नवी होती, घाबरली असेल. ती शंका फॉर्मवर नव्हती, चॅटवर होती.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं नोकरी गेली. गेली नाही. मला सांगण्यात आलं की काय झालं ते लिहून काढ, सगळ्यांना वाचता येईल असं. ते दोन पानं लिहिताना हात कापत होते. तिने विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं नव्हतं, हेही लिहिलं. त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक रकमेच्या नावापुढे रुपये की पैसे हे लिहिणं सक्तीचं झालं. त्या दोन पानांचा उपयोग माझ्या कुठल्याही यशापेक्षा जास्त झाला असेल.

आता बोलकं आणि मुकं म्हणजे नेमकं काय, ते तीन यानांवरून बघू. तिन्ही मंगळावर उतरायला गेली, तिन्ही गेली ती गेली.

पहिलं नासाचं मार्स पोलर लँडर, ३ डिसेंबर १९९९. उतरताना यानाने संदेश पाठवत राहायची सोयच त्यात ठेवलेली नव्हती. खर्च आणि वजन वाचवायचं होतं. ते खाली गेलं आणि गप्प झालं. तज्ज्ञांना शेवटी अंदाजावर जावं लागलं. बहुधा असं झालं की हवेत असताना पाय उघडले, त्याचा झटका बसला, आणि संगणकाला वाटलं की आपण जमिनीला टेकलो. म्हणून त्याने जमिनीपासून चाळीसेक मीटरवर इंजिन बंद केलं. बहुधा. खात्रीने आजही कोणी सांगू शकत नाही.

दुसरं ब्रिटनचं बीगल २, २५ डिसेंबर २००३. यानाच्या मागे कॉलिन पिलिंजर या शास्त्रज्ञाचा ध्यास होता. तेही उतरताना बोलत नव्हतं. ते आदळलं, जळलं की भरकटलं, कोणालाच कळेना. अकरा वर्षं अशीच गेली. जानेवारी २०१५ मध्ये मंगळाभोवती फिरणाऱ्या दुसऱ्या एका यानाच्या छायाचित्रांत ते सापडलं. आणि कळलं काय? ते नीट उतरलं होतं! सगळे सौर पंख तेवढे उघडले नाहीत, आणि त्यांच्याखाली अँटेना झाकलेली राहिली. म्हणजे बहुतेक सगळं जमलं होतं, फक्त सांगता आलं नाही. हे कळलं तेव्हा पिलिंजर हयात नव्हते. मे २०१४ मध्ये, आठ महिने आधी, ते वारले होते. मला ही गोष्ट फार खोल लागते. एक माणूस आपण हरलो असं समजून गेला, आणि त्याचं यान तिथे जवळजवळ जिंकून बसलं होतं.

तिसरं युरोपचं स्कियापारेली, १९ ऑक्टोबर २०१६. तेही आदळलं. पण ते खाली जाईपर्यंत बोलत होतं. आपल्या सोबतच्या यानाला प्रत्येक क्षणाची माहिती देत होतं. त्यावरून लख्ख कळलं की हेलकावे मोजणारं उपकरण सुमारे एक सेकंद आपल्या मर्यादेबाहेर गेलं, त्या चुकीच्या आकड्यावरून संगणकाने आपली उंची शून्याच्या खाली काढली, म्हणजे आपण जमिनीखाली आहोत! झालं, पोचलो असं समजून त्याने छत्री सोडली, इंजिनं तीन सेकंद चालवून बंद केली आणि यान पावणेचार किलोमीटरवरून दगडासारखं पडलं. नुकसान तेवढंच झालं. पण तो एक सेकंद आता कोणालाही पुन्हा चुकवायची गरज नाही.

पोलर लँडरच्या अपघातानंतर नासानेही धडा घेतला. २००१ मध्ये तसंच एक यान जायचं होतं, ते रद्द करून गोदामात ठेवलं. नंतर अभियंत्यांनी ते बाहेर काढलं, सुटं केलं, पुन्हा पुन्हा तपासलं, दडलेले दोष एकेक करून काढले. त्याचं नाव ठेवलं फिनिक्स. २५ मे २००८ ला ते मंगळाच्या उत्तरेला उतरलं, आणि उतरताना बोलत होतं.

आता आपल्याकडे येऊ. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला श्रीहरिकोट्याहून निघालं. त्याच्या रॉकेटमागे आपला महाराष्ट्रही होता. विक्रोळीत गोदरेज इस्रोसाठी इंजिनं बनवतं आणि वालचंदनगरच्या कारखान्यात रॉकेटची आवरणं तयार होतात. २४ सप्टेंबर २०१४ ची सकाळ तुमच्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. मी तेव्हा पुण्यात नवीनच नोकरीला लागलो होतो, चहाच्या टपरीवर चार जण एका मोबाईलमध्ये डोकं घालून बघत होतो. पहिल्याच प्रयत्नात, सुमारे साडेचारशे कोटी रुपयांत! हे सगळ्यांना पाठ आहे.

पण ११ नोव्हेंबर २०१३ कोणाला आठवतो? यान अजून पृथ्वीभोवतीच फिरत होतं. त्या दिवशी त्याची कक्षा एक लाख किलोमीटरपर्यंत न्यायची होती. ती अठ्ठ्याहत्तर हजारांवर अडकली. इंजिनाला इंधन देणाऱ्या झडपेची मूळ आणि राखीव अशी दोन्ही वेटोळी एकदम चालवून पाहिली, तेव्हा इंधनाचा प्रवाहच थांबला. इस्रोने हे लपवलं नाही, जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे इंजिन पुन्हा चालवलं आणि कक्षा एक लाख अठरा हजारांवर नेली. दोन्ही वेटोळी एकत्र चालवायची नाहीत, हे पृथ्वीजवळच कळलं. नंतर मंगळाशी पोचल्यावर आणखी एक प्रश्न होता. मुख्य इंजिन जवळपास तीनशे दिवस झोपलेलं होतं. जागं होईल का? म्हणून दोन दिवस आधी, २२ सप्टेंबरला, ते चार सेकंद चालवून पाहिलं. आणि नाहीच चाललं तर आठ लहान इंजिनांवर काम भागवायची योजनाही तयार होती.

लहानपणी आपण सगळ्यांनी उंटाची गोष्ट ऐकली आहे. आधी उंट बांधायचा, मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा. ते चार सेकंद म्हणजे उंट बांधणं आहे. आपण मात्र बऱ्याचदा उलट करतो. उंट पळून गेला की 'अल्लाहची मर्जी' म्हणतो, आणि दोरी का सुटली हे विचारणाऱ्याला गप्प करतो. तकदीर हा दिलासा आहे, चौकशीचा अहवाल नाही.

मंगळयान सहा महिन्यांसाठी बनवलं होतं, २०२२ पर्यंत चाललं. पण हेही सांगायला हवं की मिथेन वायू शोधायला नेलेल्या उपकरणाकडून मिथेनचा ठोस निकाल मिळाला नाही. ते आपण कमी बोलतो. यशाच्या आतही लहान लहान अपयशं असतात, तीही नोंदवायची असतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मला तीन विषयांत केटी लागली. अब्बा तेव्हा कुवेतला होते. दर जुम्याला फोन यायचा. ते विचारायचे, 'बेटा, रिझल्ट?' मी सांगायचो, 'सगळं क्लिअर आहे.' म्हणजे यानाचं इंजिन बंद पडलंय आणि यान संदेश पाठवतंय की सगळं ठीक आहे! त्या खोट्या संदेशावर अब्बा तिकडे पैशांचं गणित मांडत होते. शेवटी वर्ष वाया गेलं तेव्हा सांगावंच लागलं. मला वाटलं ओरडतील. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, 'तेव्हाच सांगितलं असतंस तर एक क्लास लावला असता.' एवढंच! मी दीड वर्ष ज्या रागाला घाबरत होतो तो राग नव्हताच.

पण माझं निभावलं. माझा एक रूममेट होता, आपल्याच भागातला, डोक्याने माझ्याहून हुशार. त्यालाही केटी लागल्या. त्याने कोणाला सांगितलं नाही. एकदा ईदला घरी गेला तो परत आलाच नाही. फोन बंद. आम्ही खोलीवरचे तिघं दोन-चार दिवस हळहळलो आणि परीक्षेला लागलो. तो कुठे अडकला, त्याला काय हवं होतं, आम्ही कधीच विचारलं नाही. माझ्या माहितीतलं ते बीगल २ आहे. कोण जाणे, त्याचा एकच पंख उघडायचा राहिला असेल.

आपल्या मुलांचं हे का होतं, यावर मी बराच विचार केला. नापास कोणीही होतं. पण आपल्या मुलाच्या डोक्यावर एक जास्तीचं ओझं असतं. वर्गात तो एकटाच किंवा दोघांपैकी एक असतो. त्याला वाटतं, मी नापास झालो तर 'हे लोक असेच' असं म्हणतील. घरी वाटतं, खानदानातला पहिला इंजिनिअर, नाक कापलं जाईल. एका पोराच्या एका पेपरवर अख्ख्या समाजाची इज्जत ठेवली की ते पोर खोटं बोलणारच. दोष त्याचा कमी आणि तोलायच्या काट्याचा जास्त आहे.

आणि मुलींचं विचारू नका. मघाशी म्हटलं ना, मरिनर ३ पडलं तेव्हा मरिनर ४ तयार होतं? आपल्या घरात मुलगा नापास झाला तर त्याला मरिनर ४ मिळतं. क्लास, दुसरं कॉलेज, नाहीतर दुबईला मामाकडे. मुलगी एकदा नापास झाली की म्हणतात, हिला शिकायचं नाही, स्थळ बघा. तिच्यासाठी दुसरं यान नसतंच. मग तिने खरं सांगायचं तरी कशाला? इथे बसलेल्या भावांनो, घरी बहिणीच्या दुसऱ्या प्रयत्नासाठी तुम्ही भांडलात तर या शिबिराचं सार्थक झालं असं मी समजेन. आणि बहिणींनो, तुम्ही स्वतःसाठी भांडायला कोणाची वाट बघू नका.

संयुक्त अरब अमिरातीचं उदाहरण मुद्दाम देतो, कारण इथल्या निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी आखातात आहे. त्यांनी 'अल-अमल', म्हणजे उमेद, नावाचं यान जुलै २०२० मध्ये जपानहून सोडलं. ९ फेब्रुवारी २०२१ ला ते मंगळाभोवती पोचलं. विज्ञानाची धुरा सारा अल अमीरी या तरुण बाईंकडे होती आणि वैज्ञानिकांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. पोचायच्या आधी त्यांचे लोक उघडपणे सांगत होते की मंगळाच्या निम्म्या मोहिमा फसतात, आमचीही फसू शकते. अनुभव नव्हता, तर अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाकडे शिकायला बसले. 'आम्हाला हे येत नाही' म्हणायची त्यांना लाज वाटली नाही.

कलाम साहेबांची गोष्ट तुम्ही व्हॉट्सअॅपवर पन्नास वेळा वाचली असेल. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ समुद्रात पडलं, इस्रोचे प्रमुख सतीश धवन पत्रकारांपुढे स्वतः गेले आणि अपयश आपल्या अंगावर घेतलं. १८ जुलै १९८० ला ते यशस्वी झालं तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केलं. गोष्ट छान आहे, पण आपण ती 'थोर माणसं' या सदरात टाकून मोकळे होतो. तिच्यात कामाची एक रीत आहे. वरचा माणूस राग झेलतो, म्हणून खालचा माणूस खरं सांगू शकतो. त्या अकरा महिन्यांत आम्ल कुठून गळलं, झडप का बंद झाली नाही, हे शोधता आलं ते त्यामुळे. आपल्याकडे घरात अब्बा, जमातीत सदर आणि संस्थेत अध्यक्ष यांनी धवन व्हायचं आहे. कलाम मग आपोआप होतील.

एक शब्द नागरिक म्हणून. महाडचे लोक इथे आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, दोन एसट्या गेल्या. नवा पूल वर्षाच्या आत झाला, चांगलं झालं. पण जुना का पडला, त्याची चौकशी काय म्हणते, हे आपल्यापैकी किती जणांनी वाचायचा प्रयत्न केला? यान पडल्यावर अहवाल मागायचा असतो. माहितीचा अधिकार आपल्यालाही आहे, आणि पूल सगळ्यांचा असतो.

आता चळवळीबद्दल, म्हणजे स्वतःबद्दल. आपण गेल्या काही वर्षांत अभ्यासिका सुरू केल्या, त्यातल्या काही बंद पडल्या. उद्घाटनाचे फोटो आपल्याकडे आहेत. बंद का पडल्या याचा कागद एकही नाही. जागेचं भाडं थकलं, की मुलींच्या येण्याजाण्याची वेळ जुळली नाही, की आपलाच उत्साह संपला? नवीन गट पुढच्या गावात तीच चूक करणार, कारण आपण त्याला काही सांगितलेलं नाही.

म्हणून उद्या सकाळी माझी एकच विनंती आहे. प्रत्येक गटाने आपल्या एका फसलेल्या कामावर एक पान लिहायचं. काय करायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, पहिली शंका कोणाला आणि कधी आली, ती त्याने कोणाला सांगितली, आणि पुढच्या वेळी काय बदलायचं. एवढंच. 'कोणामुळे झालं' असा रकाना त्या पानावर नको. तो रकाना आला की लोक खरं लिहायचे थांबतात. ही पानं आपल्या मासिकात मराठी आणि उर्दू दोन्हींत छापू. आपले विरोधक हसतील. हसू द्या. नासाच्या मापाच्या चुकीवर पंचवीस वर्षं जग हसतंय, आणि नासाच्या गाड्या मंगळावर आहेत.

आणि दुसरी विनंती खासगी आहे. तुमच्या ओळखीत असा एखादा असेल, जो मधूनच गप्प झाला. कॉलेज सुटलं, ग्रुपमधून बाहेर पडला, फोन उचलत नाही. त्याला उद्या फोन करा. उपदेश करू नका, फक्त विचारा, कुठे अडकलास? इथे रेंज नसेल तर पोलादपूरला उतरल्यावर करा. मीही करणार आहे. माझ्या त्या रूममेटचा नवा नंबर मला मागच्या महिन्यात एका लग्नात मिळाला. अजून लावलेला नाही. मलाही भीती वाटते. पण आज तुमच्या सगळ्यांसमोर बोललो, म्हणजे आता ती शंका फॉर्मवर नोंदवली गेली.

आता ज्यांना दुर्बिणीतून मंगळ बघायचा आहे त्यांनी रांग लावा. लहान मुलं आधी.